बरे लिहिलेली चोवीस पानं

आमच्या घरात दिवा कधी विझला नाही. तो वाढायचा. तांदूळ संपायचे नाहीत, तेही वाढायचे. काकणं फुटायची नाहीत, तीही वाढवायची. बाहेर निघालेला माणूस चुकून 'जातो' म्हणाला तर त्याला उंबऱ्यावरून मागे बोलावून 'येतो' म्हणायला लावत. माझी आई सांगायची की घराची वास्तू कान देऊन ऐकत असते आणि जे कानावर पडेल त्याला तथास्तु म्हणते. मी तेहतीस वर्षं सुर्ल्याच्या मराठी शाळेत मास्तर होतो. मुलांना पृथ्वी गोल असल्याचे पुरावे पाठ करायला लावले, ग्रहण म्हणजे सावली हे कंदील आणि चेंडू घेऊन दाखवलं. पण नार्व्याला घरी परतलो की माझ्याही घरचे तांदूळ वाढायचे. त्यामुळे कधी कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते एकदाच, आणि ते सगळं एका निळ्या वहीत आहे.

ती वही माझ्या बायकोची. म्हणजे वही तिच्यासाठी होती, लिहायचं मला होतं.

मला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. खाणी तेव्हा जोरात होत्या, नदीतून दिवसभर खनिजाच्या बार्ज जायच्या. बायको नदीकाठच्या आमच्या तुकड्यात वाल, चवळी आणि तांबडी भाजी लावायची. एका सकाळी पाव विकणारा पोदेर सायकलचा भोंगा वाजवत आला तेव्हा ती आतून मला म्हणाली, "चार जनेलां घेवा." मी हसलो. पोदेरालाही सांगितलं, आज आमच्याकडे खिडक्यांची न्याहारी आहे, तोही हसला. ती बाहेर आली तेव्हा मी तिच्यासमोर पाव धरून विचारलं, याला काय म्हणतात? तिने जरा वेळ पावाकडे पाहिलं आणि बरोबर म्हणाली, "उंडे." मी मास्तरच, तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिने शहाण्या मुलीसारखं तीनदा म्हटलं. त्या सकाळचा मला आजही राग येतो, आणि तो पोदेराचा नव्हे.

पुढे शब्द रोज थोडे थोडे चुकू लागले. ती घागरीला छत्री म्हणाली, मला एकदा तिच्या भावाच्या नावाने हाक मारली. मी खेकसायचो. वय झालं की काय तुझं, लक्ष कुठे असतं तुझं, असली बडबड चालायची. मग एके दिवशी ती शेतातून आली तेव्हा उजव्या पायात चप्पल नव्हती. बांधावर कधीतरी निसटली होती आणि तिला पत्ता नव्हता. उजव्या तळव्यात काटा मोडला होता, त्याचाही पत्ता नव्हता. तेव्हा मात्र मी खेकसलो नाही. दुसऱ्या दिवशी दोन फेरीबोटी बदलून तिला मोठ्या इस्पितळात नेलं.

मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टर तरुण होते, पण शब्द जपून वापरत. जेवढी काढता येईल तेवढी काढू, म्हणाले, पण ती बोलण्याच्या जागेला चिकटून बसली आहे. पुढे ते बरंच काही सांगत होते, मला ऐकू येत नव्हतं. बायकोला येत होतं. ती म्हणाली, "डॉक्टर, माजी वाचा तेवडी रवांदे."

आमची एकुलती मुलगी पेडण्याला, तुयेच्या सासरी होती. जावई तिथल्या कारखान्यात कामाला. तिला चौथा महिना लागला होता, पहिलं बाळंतपण म्हणून ती सातव्यात माहेरी यायची होती. इस्पितळातल्या खाटेवर बसून बायको मला म्हणाली, "चेडवाक माका थोडा सांगूचा आसा. ता येयसर माजा बोलणा रवाक होया." मी विचारलं, काय सांगायचं आहे? मला सांगून ठेव. तर म्हणाली, "तुमका नाय. तिका." मुलगी दर रविवारी यायची, मग तेव्हाच का नाही सांगत, असं मी म्हटलं. त्यावर तिचं उत्तर एवढंच की ते आत्ता सांगायचं नसतं, पोट मोठं झालं की सांगायचं असतं. बायकांच्या गोष्टीत मला काही कळत नाही अशा थाटात तिने तोंड फिरवलं. ते खरंच होतं.

म्हणजे आम्हाला तीन महिने हवे होते. तीन महिने तिचं बोलणं टिकायला हवं होतं, दुसरं काही मी देवाकडेही मागितलं नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी बाहेरच्या खुर्चीवर बसलो होतो तेव्हा एक बाई शेजारी येऊन बसल्या. साठीच्या, म्हापशाकडच्या ख्रिस्ती बाई. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक, खांद्याला कापडाची भली मोठी पिशवी. म्हणाल्या, मेंदूच्या गाठीच्या रुग्णांसाठी आमची एक लहानशी संस्था आहे, तिच्यातर्फे मी येते. संस्था म्हटलं की माझं डोकं फिरतं. शाळेत असताना मी असल्या पुष्कळ संस्था पाहिल्या होत्या. येतात, वह्या वाटतात, मुलांच्या रांगेबरोबर फोटो काढतात आणि जातात. मी म्हटलं, आम्हाला काही नको, आमचं आम्ही बघून घेऊ.

"बरें," त्या म्हणाल्या. "पूण पिवपाचें उदक सकयल मेळटा. हांगाचो नळ बंद पडला." एवढं सांगून त्या पिशवीतून विणकाम काढून विणत बसल्या. पाच तास त्या तिथेच होत्या. मी दोनदा खाली जाऊन पाणी पिऊन आलो, दोन्ही वेळा त्यांनी माझी जागा राखून ठेवली. डॉक्टर बाहेर आले आणि घाईघाईत काहीतरी सांगून गेले, ते काय ते मला सोप्या भाषेत त्यांनीच समजावलं. गाठ बरीचशी निघाली, सगळी नाही. उरलेली पुन्हा वाढेल, किती दिवसांत ते कुणी सांगू शकत नाही. हे त्यांनी तोंडावर सांगितलं, गोड करून नाही. मला राग आला आणि बरंही वाटलं. त्यांचा मुलगा याच आजाराने गेला होता. हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि तेही त्यांच्याकडून नाही.

किरणोपचार चालू होते तेवढे दिवस आम्ही संस्थेच्या खोलीत राहिलो. इस्पितळापासून पायी दहा मिनिटांवर एका जुन्या घराच्या चार खोल्या, मध्ये एक स्वयंपाकघर. सत्तरी, काणकोण, सावंतवाडी, कुठली कुठली माणसं तिथे एका गॅसवर पाळीपाळीने पेज शिजवत होती. शनिवारी सगळ्यांनी ओसरीवर बसून आपापलं सांगायचं असा तिथला रिवाज. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचो. बायको मात्र बोलायची. शब्द अडला की बाई पिशवीतून चित्रांचे पत्ते काढून तिच्यापुढे पसरायच्या. ती बोट ठेवायची, मग शब्द सापडायचा. सापडला की सगळी ओसरी खूष. एकदा तिने 'आंबाडे' हा शब्द एवढा वेळ शोधला की सावंतवाडीच्या आजोबांनी सापडल्यावर टाळ्या वाजवल्या. ती लाजली. इतक्या वर्षांत मी तिच्यासाठी कधी टाळी वाजवली नव्हती.

निळी वही बाईंनी तिथेच दिली. रोजचं एक पान. फिट आली का, किती वेळ टिकली, डोकं दुखलं का, कोणते शब्द अडले, हातातून काय पडलं, झोप कशी लागली. डॉक्टर ही वही बघून गोळ्या ठरवणार होते, सुजेवरची कमी करायची का आणि फिटवरची वाढवायची का. आणि रुग्णाची संमती असेल तर शेवटी ती वही, नाव-गाव काढून, या आजारावर संशोधन करणाऱ्यांकडे जाणार होती. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडाही त्यांच्याचकडे ठेवलेला होता. बाईंनी तिला समजावलं की स्कॅनमध्ये गाठ दिसते, पण पेज जेवताना हातातला चमचा पडतो तो स्कॅनमध्ये दिसत नाही, तो घरातल्या माणसालाच दिसतो.

बायकोने सही केली. पूर्वी तिची सही सरळ असायची, ही उतारावरून घसरत गेली. पण ती खुशीत होती. म्हणाली, "माज्या गाठीचो कोणाक तरी उपेग जातलो."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, जें घडलां तेंच बरयात. बरें काय वायट, तें तुमी थारावं नाकात."

मी जरा फुगूनच म्हटलं, मला लिहायला शिकवू नका.

आम्ही घरी आलो. पहिल्या दिवशी सकाळी ती चहा घेत होती. उजव्या हातात कप होता आणि हात एकाएकी उडाला. चहा लुगड्यावर सांडला. ती कपाकडे बघत राहिली, हात आणखी दोनदा उडाला आणि शांत झाला. मी तिला पुसलं, लुगडं बदलायला मदत केली. मग वही उघडली, पेन हातात घेतलं, तारीख घातली. तिच्याखाली 'हात तीन वेळा उडाला' एवढंच लिहायचं होतं. चार शब्द. माझा हात पुढे जाईना. घराच्या भिंतीत बसून कुणीतरी माझ्या पेनकडे टक लावून बघतंय असं मला वाटलं. मी ते लिहीन आणि ते तथास्तु म्हणेल. आजवर या घरात तांदूळ संपले असं कुणी म्हटलं नाही, आणि मी माझ्या बायकोची फिट शाईने तारीखवार लिहून ठेवू? मी लिहिलं, बरे.

दुसऱ्या दिवशीही बरे लिहिलं. तिसऱ्या दिवशी तिला मिठाचा शब्द आठवेना आणि ती चुलीपुढे उभी राहून रडली. त्या पानावरही बरे आहे. शाळेत साहेब तपासणीला येऊन शेवटी 'समाधानकारक' असा शेरा मारून जायचे, छप्पर गळत असलं तरीही. मी त्यांना मनातून किती शिव्या दिल्या असतील. आता मीच साहेब झालो होतो.

मी खोटं लिहितोय असं मला वाटत नव्हतं. मी तिला राखतोय असं वाटायचं. हे मी स्वतःला माफ करून घेण्यासाठी सांगत नाही, तेव्हा जसं होतं तसं सांगतो.

बाई दर सोमवारी फोन करायच्या. मी म्हणायचो, बरं आहे. तिसऱ्या सोमवारी त्या म्हणाल्या, "मास्तर, इतलें बरें म्हाका खरें दिसना." मी म्हटलं, तुम्हाला काय, वाईटच ऐकायची सवय लागली आहे. मग त्यांनी तिची झोप कशी आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

बायकोने एकदा वही वाचून दाखवायला सांगितली. तिला आता अक्षरं लागत नव्हती. मी वाचली. वाचायला वेळ लागला नाही, सगळीकडे एकच शब्द. ती ऐकत राहिली आणि मग तुटक तुटक म्हणाली, "तुमी... खोटा कित्याक लिवतास?"

"घरात वायट लिवपाचा नाय," मी म्हटलं.

"देव काय... वही वाचता?" ती म्हणाली आणि तोंडाच्या एका बाजूने हसली. "मराठी वाचूक येता ताका?"

मी रागावलो. थट्टेचा विषय आहे का, म्हणालो. ती स्वतः जन्मभर दिवा वाढवत आली होती, मला काय शिकवणार? पण तिने वहीवर डावा हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. तो मला समजायला हवा होता.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी वही घेतली. एक पान उलटलं, दुसरं, दहावं. चेहरा उजळला. "छान," ते म्हणाले, "इतकं स्थिर मी क्वचित पाहिलंय. मग सुजेची गोळी आपण निम्मी करू. ती जास्त दिवस चालू ठेवली तर शरीराला मानवत नाही." मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काय बाई, कसं वाटतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला अजून ते पाहणं दिसतं. त्यात राग नव्हता. मी सांगू का, असं ती विचारत होती. मी खाली बघितलं. तिने डॉक्टरांना सांगितलं, "बरा आसा."

नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं? तिच्या आईने, माझ्या आईने, आणि इतकी वर्षं मीही, तोंडाने न सांगता. त्या क्षणी मला काय वाटलं तेही लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. फेरीबोटीवर मी तिला खारे शेंगदाणे घेऊन दिले.

तपासणीनंतर नवव्या दिवशी, वहीत चोवीस बरे झाल्यावर, सकाळी ती तुळशीपाशी उभी होती. पोदेर फाटकाशी आला होता. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ती आडवी पडली. सगळं अंग झटके देत होतं. पोदेराने पावाची पाटी तिथेच टाकली आणि माझ्याबरोबर तिला कुशीवर धरलं. तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर धरायचं, हे बाईंनी ओसरीवर सगळ्यांना शिकवलं होतं. वर्तमानपत्राआडून माझ्याही कानावर पडलं होतं. झटके थांबेनात. ट्रकवाल्या शेजाऱ्याच्या गाडीतून तिला नेलं. वाटेत आणखी दोनदा फिट आली.

ती शुद्धीवर आली तिसऱ्या दिवशी. मी तिचं नाव घेतलं. तिने डोळे उघडले, मला ओळखलं, ओठ हलवले आणि म्हणाली, "बरा."

मी विचारलं, पाणी हवं? "बरा." डोकं दुखतंय? कपाळाला आठ्या, डोळ्यांत पाणी, आणि तोंडातून, "बरा." दुसरा शब्द यावा म्हणून ती धडपडत होती, गळ्याच्या शिरा फुगत होत्या, आणि दरवेळी तोच शब्द बाहेर यायचा. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं, सगळी वाचा जाते आणि एखादा सवयीचा शब्द तेवढा मागे राहतो, माणूस सगळं त्याच एका शब्दात सांगायला बघतो.

मी व्हरांड्यात जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. वही खोटी आहे म्हणालो. ते रागावले नाहीत. स्कॅनमध्ये गाठ पुन्हा वाढलेली दिसत होती. हे असंही झालं असतं कदाचित, म्हणाले, कदाचित थोडं उशिरा. किती उशिरा, मी विचारलं. ते सांगता येत नाही, म्हणाले. तीन महिन्यांतले दोन गेले होते. मला फक्त राहिलेला महिना हवा होता. तो मिळालाच नसता असंही कुणी म्हणत नव्हतं आणि मिळाला असता असंही नाही.

रागावल्या त्या बाई. वही त्यांनी तिथेच उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. "इतलीं वर्सां भुरग्यांक तुमी कितें शिकयताले?" एवढंच विचारलं आणि त्या निघून गेल्या. मला वाटलं, आता त्या येणार नाहीत, आणि ते योग्यच होईल. चार दिवसांनी आम्ही घरी परतलो तर दारात टेंपो उभा होता. शेजाऱ्याकडून किल्ली घेऊन, संस्थेची वरखाली होणारी खाट उतरवून बाई आमच्या माजघरात ती कुठे बसेल याची मापं घेत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, जनेलाकडे डोकं करूया, तिला नदी दिसेल.

मुलगी सातव्यात आली. आईच्या खाटेवर बसली. बायकोने तिच्या पोटावर डावा हात ठेवला आणि बोलायला लागली. "बरा, बरा. बरा?" आधी हळू, मग समजावल्यासारखं, मग कळवळून. मध्येच थांबायची, मुलीच्या तोंडाकडे बघायची, कळलं का म्हणून, आणि पुन्हा पहिल्यापासून. मुलगी मान हलवत होती, "होय गे आई, कळला." तिला काहीही कळलं नव्हतं, आणि आईला ते कळत होतं. ती चिडून डोकं उशीवर आपटायची.

बाईंनी सगळे पत्ते काढले. पाळणा, गाय, विहीर, पेटी, दिवा, देऊळ, औषधाची बाटली, बांगडी. एकेक तिच्यापुढे धरला. तिने सगळे बाजूला सारले. मुलगी विचारत राहिली, दागिने? नावाचं काही? बाबांची काळजी? कुणाचं काही राहिलंय? "बरा," ती म्हणायची आणि मानेने नाही म्हणायची. ओल्या बाळंतिणीचं काही औषध? नाही. माझ्या वेळी तुला झालं होतं तसं काही? तिथे ती जरा थबकली, असं मुलगी म्हणते. मला तसं दिसलं नाही. आठवडाभर दोघी रोज सकाळी हेच करत बसत. मग बायकोचे डोळे दिवसचे दिवस मिटलेलेच राहू लागले.

या वेळी मी वही खरी लिहिली. आज पाणी गिळताना ठसका. आज उजवा डोळा उघडत नाही. आज मुलीला ओळखलं नाही. प्रत्येक ओळ लिहिताना मी भिंतीकडे बघून मोठ्याने वाचायचो, ऐक म्हणायचो, काय ऐकायचं ते ऐक. आता मला वास्तूच्या तथास्तुची भीती उरली नव्हती.

ती गेली. वाढली नाही, शांत झाली नाही, मेली. सोळा दिवसांनी मुलीला मुलगी झाली. तुये गावच्या तिच्या सासूने बाळंतपणाचं सगळं निगुतीने केलं, कशाचं उणं पडू दिलं नाही. तरीही बाळाला मांडीवर घेतलं की मुलगी मध्येच थांबते आणि कुठेतरी बघत राहते. काय गं, असं मी आता विचारत नाही.

महिन्याभराने बाई वही न्यायला आल्या. मी विचारलं, माझी खोटी पानं फाडून टाकाल ना? त्या म्हणाल्या, खोट्या पानांचा संशोधन करणाऱ्यांना काही उपयोग नाही, त्या महिन्याचं तिचं दुखणं हरवलं असंच धरतील. हरवलं हा शब्द ऐकून मी वही छातीशी धरली. दोन दिवस द्या, म्हणालो. त्यांनी का ते विचारलं नाही. विणकाम काढून त्या ओसरीवर थोडा वेळ बसल्या, आमच्या नदीकडे बघत, आणि मग येते म्हणून गेल्या.

शाळेतली माझी तांबड्या शाईची दौत माळ्यावर होती. ती काढली, वही मेजावर पसरली. मला वाटलं होतं, चोवीस दिवसांतले पाचसहा आठवले तरी पुष्कळ. पण पान उलटावं आणि तो दिवस समोर यावा, वेळेसकट, तिच्या अंगावरच्या लुगड्यासकट. एकही दिवस चुकला नाही. कोणता शब्द अडला, हात कितीदा उडाला, कुठल्या दिवशी ती चुलीपुढे रडली, सगळं माझ्याजवळ होतं, जसंच्या तसं. पहिल्या पानावरच्या बरे या शब्दावर मी मुलांच्या चुकीवर मारायचो तशी आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: सकाळी चहा घेताना उजवा हात तीन वेळा उडाला, कप धरता आला नाही, मी समोर बसून पाहत होतो.